बाबांची कादंबरी आणि सुमनआत्या

दिवेलागण झाली की बाबा आम्हाला विलायतेला घेऊन जात. पांढरकवड्याला हैदराबादच्या हमरस्त्याला लागून आमचं कौलारू घर होतं. पुढे लांबट ओसरी, मग अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात विहीर आणि त्यापुढे छातीइतकं दगडी कुंपण. कुंपणापलीकडून दिवसरात्र ट्रक जात, आणि त्यांच्या घरघरीची आम्हाला इतकी सवय होती की पाहुणे आले म्हणजेच ती ऐकू येई. बाबा शाळेत इंग्रजी शिकवायचे. कॉलेजात असताना नागपूरला जुन्या पुस्तकांच्या ढिगातून त्यांनी एक जाडजूड इंग्रजी कादंबरी घेतली होती. तिचा पुठ्ठा केव्हाच सुटला होता आणि पानं पिवळी पडून कडांना कुरतडल्यासारखी झाली होती. थंडी पडायला लागली की ते ती कपाटातून काढत आणि रोज थोडी थोडी वाचून दाखवत. डोळे इंग्रजीवर आणि तोंडात मराठी, अशी ती गंमत होती. मध्येच एखादं वाक्य अडलं की ते चष्मा कपाळावर सरकवायचे, अंगणातल्या अंधाराकडे बघायचे आणि मग तिथूनच कुठूनसा शब्द आल्यासारखे पुढे वाचायला लागायचे.

गोष्ट एका मोठ्या घराण्याची होती. साहेबी नावं आईच्या जिभेवर बसत नसत, म्हणून बाबांनी त्यांची नावंच काढून टाकली होती. म्हातारे मालक ते जहागीरदार, मुलगा तो थोरला आणि मुलगी ती धाकटी. जहागीरदारांचा बंगला, त्यांच्या घोडागाड्या, कोणाच्या घरी चहाला जायचं आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचं, याचे त्यांचे नियम. धाकटी पाणचक्कीवाल्याच्या मुलाशी लग्न करते आणि त्या घरात तिचं नाव काढायचं बंद होतं. आई समोर सूप घेऊन ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसलेली असायची. "त्या जहागीरदारणीला एवढे नोकर आहेत, मग ती दिवसभर करते तरी काय?" असं ती दर हिवाळ्यात एकदा तरी विचारायचीच, आणि बाबा दर हिवाळ्यात तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "पत्रं लिहिते." सोललेल्या दाण्यांचा हिरवा वास, कंदिलाचा रॉकेलचा वास आणि बाबांचा थोडासा घोगरा आवाज हे तिन्ही माझ्या मनात आजही एकाच पिशवीत आहेत. बाजारात ओल्या शेंगा दिसल्या की मला अजून धुकं पडलेला एक बंगला दिसतो, जो मी कधीच पाहिलेला नाही.

मी दहावी ओलांडली आणि ती कादंबरी स्वतः चाळून पाहण्याइतकं इंग्रजी मला यायला लागलं, तेव्हा लक्षात आलं की बाबा मधला एक मोठा तुकडा गाळतात. धाकटी घर सोडून जाते तिथे ते पान उलटायचे आणि एकदम पुढच्या वसंतात जायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तो भाग रेंगाळलेला आहे. काही होत नाही त्यात." मी विश्वास ठेवला. बाबांवर विश्वास न ठेवण्याचं काही कारण नव्हतं. शाळेतल्या कुठल्याही मुलावर त्यांनी हात उगारला नव्हता आणि दारात आलेल्या भिकाऱ्याला ते 'अहो' म्हणायचे.

त्या वर्षी कापूस भरपूर झाला आणि तेच लोकांच्या जिवावर उठलं. भाव पडले, व्यापाऱ्यांनी खरेदी थांबवली, आणि सगळा तालुका आपापला कापूस घेऊन एकाच सरकारी केंद्रावर येऊन उभा राहिला. केंद्राची गोदामं भरली होती, वजनकाटा बंद होता. बैलगाड्यांची रांग केंद्राच्या फाटकापासून निघून बाजार ओलांडून आमच्या कुंपणाशी आली आणि पुढे पेट्रोलपंपापर्यंत गेली. माणसं गाड्यांखाली झोपत होती, तिथेच तीन दगड मांडून भाकरी थापत होती. कापसाचे पुंजके कडुनिंबाला, तारांना, बाभळीच्या काट्यांना लागलेले. आईच्या वरणात सुद्धा एखादा तंतू निघायचा. आईने पहिल्याच दिवशी फाटकाची कडी काढून ठेवली आणि रांगेतल्या बायांना विहिरीवर येऊ दिलं. शेजारच्या काकू कुजबुजल्या, "कुठकुठल्या जातीच्या येतात, तुमच्या लक्षात आहे ना?" आई म्हणाली, "विहिरीच्या लक्षात नाही, तर मी कायले ठेवू?"

एके दुपारी बाबा शाळेत असताना एक बाई फाटकाशी येऊन थांबली. बाकीच्या सरळ आत येत, ही येईना. डोक्यावरून पदर, हातात कळशी, दंडापर्यंत बंजारा बायका घालतात तशा पांढऱ्या रुंद बांगड्या. ती आमच्या ओसरीकडे, कौलांकडे, विहिरीच्या रहाटाकडे बघत होती. आई पाणी ओढत होती. मी म्हटलं, "या ना, बाई." तेव्हा ती हळूच म्हणाली, "वहिनी, येऊ का आत?"

आईच्या हातातून दोर सुटला. बादली धाडकन खाली गेली, आणि आई तिकडे न बघता फाटकाशी गेली आणि तिने त्या बाईला कळशीसकट मिठी मारली. मग ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "ही नलू? हिचे दात यायचे होते मी गेलती तेव्हा."

मला एक आत्या होती एवढं मला माहीत होतं. घरात 'होती' असंच बोललं जाई, तेही क्वचित, म्हणून ती वारली असेल असा माझा समज होता. त्या दुपारी आईने मला सगळं सांगितलं, आणि सांगताना ती सुमनआत्याच्या पानात ओल्या तुरीच्या सोलेभातावर तेल सोडत होती. बाबा नोकरीला नुकतेच लागलेले असताना रामधन राठोड नावाचा बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा एक हुशार मुलगा त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला यायचा. बाबांनीच त्याला घरात आणलं होतं. तेव्हा बाबा हीच कादंबरी ओसरीवर वाचायचे, आणि ऐकायला आत्या आणि रामधन असायचे. मग एक दिवस आत्या त्याच्याबरोबर निघून गेली. अप्पांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती आपल्याला मेली असं म्हणून स्वतःच्या हाताने अंगणात घडा फोडला. रामधनला नोकरी मिळाली नाही; तो वडिलांच्या शेतात राबायला लागला. अप्पा पुढे अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी बाबांकडून वचन घेतलं की त्या मुलीला या घराची पायरी चढू द्यायची नाही आणि तिच्या दारी जायचं नाही.

आत्या रोज दुपारी यायला लागली. ती आधी पाणी नेऊन देई आणि मग येऊन माजघराच्या दाराशी बसे. तांड्यावर गेली तेव्हा तिथली बोली तिला एक अक्षर कळत नव्हती. "सासूने मले सांगितलं, तू सहा महिने बोलू नको, नुसती आयक. मी ऐकलं. मग एक दिवस झोपेतून उठून मी तिला याडी म्हटलं, तं ती नाचलीच." याडी म्हणजे आई. आत्या हसली की तिच्या वरच्या दाताची फट दिसायची, अगदी बाबांसारखी. मी तिच्याकडे बघत राहायचे. आपल्या चेहऱ्याचा एक तुकडा इतकी वर्षं दुसरीकडे हिंडत होता, असं काहीतरी मला वाटायचं. तेव्हा ते मला नीट सांगता आलं नसतं.

आई म्हणाली, "वन्सं, ह्यांना सांगू का?"

"नको वहिनी. त्यानं तोंडावर नाही म्हटलं ना, तं मग मले माहेर आहे असं मनातल्या मनात बी म्हणता येणार नाही."

तिची गाडी आमच्या कुंपणाला लागूनच उभी होती. संध्याकाळी बाबा वाचायला बसत तेव्हा ती आणि रामधनमामा (मी त्यांना मामाच म्हणायला लागले होते, खरं तर ते नातं तसं नाही) गाडीच्या पलीकडे शेकोटीजवळ असत. ट्रकच्या आवाजातून बाबांचं वाचणं त्यांना तिथवर तुटक तुटक ऐकू येई. ते तिथे आहेत हे मला आणि आईला माहीत होतं, बाबांना नव्हतं. मी मुद्दाम कंदील ओसरीच्या पुढच्या खांबाला टांगायला लागले, म्हणजे बाबा पुढे सरकून बसतील.

मग लोकांचा धीर संपला. एका सकाळी शेतकऱ्यांनी गाड्या आडव्या लावून हमरस्ता अडवला. दोन्ही बाजूंना ट्रक उभे राहिले, ड्रायव्हर खाली उतरून विड्या ओढत बसले, पोलिसांची जीप येऊन गेली. दिवस मावळला आणि माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घराला शांतता ऐकू आली. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, लांबचा कोणाचा खोकला, शेकोटीत तडकणारी कापसाची वाळकी पऱ्हाटी, सगळं सुटं सुटं. बाबांचा आवाजही त्या दिवशी मोठा वाटत होता. कुंपणापलीकडे रांगेतली बरीच माणसं येऊन उभी राहिली होती. त्यांना पाहून बाबा खुलले. त्यांनी जहागीरदाराला आणखी खडूस केला, पाणचक्कीवाल्याच्या पोराला आणखी देखणा केला. धाकटी पहाटे घरातून निघते, फाटक लावून घेते, तिथवर ते आले. मग नेहमीप्रमाणे त्यांनी पानांचा गठ्ठा उलटला आणि म्हणाले, "तर पुढच्या वसंत ऋतूत..."

"दादा, मधलं सोडलंस."

आवाज मोठा नव्हता. कुंपणाच्या अंधारातून आला, आणि ओसरीपर्यंत येताना त्याला अडवायला काहीच नव्हतं.

"ती परत येते ते राह्यलं. फाटकाशी उभी राह्यते, आणि थोरला खिडकीतून बघते. ते वाच ना."

बाबांचं बोट पानावर तसंच राहिलं. कोण बोललं, असं त्यांनी विचारलं नाही. बाहेरच्या लोकांना वाटलं मास्तरांना दिसत नाही म्हणून थांबले, एकजण म्हणाला, "बत्ती मोठी करा ना, गुरुजी." बाबांनी पुस्तक मिटलं, ते उठले आणि आत गेले. मी कुंपणाकडे बघितलं तर आत्या पाठ फिरवून शेकोटीकडे चालली होती, आणि रामधनमामांनी तिच्या खांद्यावर घोंगडी टाकली होती.

बाबा जेवायला बसले नाहीत. आई ताट वाढून त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. घरात ती कधी आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही.

"अप्पांचं श्राद्ध आपण दर वर्षी करतो. त्यांच्या आवडीचं सगळं पानावर वाढतो. त्यांचा राग बी दर वर्षी वाढायचा का?"

बाबा म्हणाले, "मीच आणलं होतं रामधनला या घरात. अप्पा शेवटी माझ्याकडे बघून काय म्हणाले, तुला माहीत नाही. तुझ्यामुळे गेली, असं म्हणाले. मी तिच्याकडे गेलो असतो तर लोक म्हणाले असते, बघा, ह्यानेच सगळं जुळवलं होतं."

"तुम्हाला भीती लोकांची वाटते, की अप्पांची?"

"मला तिच्यासमोर उभं राहायची वाटते," बाबा म्हणाले. आता माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि मला वाटतं भित्र्या माणसाला वाईट माणूस समजणं ही आपली फार मोठी घाई असते. बाबा भित्रे होते. त्यांच्या चांगुलपणाचाही बराचसा भाग भीतीचाच होता. पण त्या रात्री त्यांनी ते कबूल केलं, आणि आईने त्यांच्या ताटातला भात कालवून पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच वरून हुकूम आला आणि काटा सुरू झाला. आम्ही उठलो तेव्हा आमच्या कुंपणाशी फक्त राख, शेण आणि कापसाचे पुंजके होते. बाबा शाळेचे कपडे घालून, छत्री आणि डबा घेऊन फाटकाशी आले आणि तो रिकामा रस्ता बघत उभे राहिले. ट्रक पुन्हा धावू लागले होते. मग ते मागे वळून म्हणाले, "नलू, चपला घाल."

केंद्राच्या आवारात जत्रेसारखी गर्दी होती. गाडी सापडायला आम्हाला बराच वेळ लागला. आत्या गाडीतल्या कापसाच्या ढिगावर उभी राहून पायांनी कापूस मागे लोटत होती. रामधनमामांनी आधी पाहिलं. त्यांनी कासरा सोडला, डोक्याचं फडकं काढलं आणि म्हणाले, "सर."

आत्या वरूनच म्हणाली, "काय रे दादा, शाळा नाही आज?"

"आहे."

"मग?"

"नाही गेलो." बाबांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "सुमे, घरी चल."

आत्या खाली उतरली नाही. "मी दुपारी येत होती तुझ्या घरी. चोरून. ते वहिनीसाठी आणि हिच्यासाठी. आता चोरून येणार नाही आणि तू बोलावलं म्हणून बी येणार नाही. तू माझ्या घरी ये. माझ्या सासूच्या हातचं जेव. मग मी येईन."

बाबा काहीतरी बोलायला गेले, पण पुढची गाडी हलली आणि मागचे लोक ओरडायला लागले. मामांनी बैलांना हाकारलं. चाक चाकोरीत रुतलं होतं. बाबांनी छत्री आणि डबा माझ्याकडे दिला, आणि आमच्या गावाने कधी पाहिलं नसेल असं दृश्य, इंग्रजीचे मास्तर पांढऱ्या सदऱ्यासकट चाकाला खांदा लावून उभे राहिले. गाडी निघाली. आत्या वरून ओरडली, "विचार करून ये. घाई नाही. मले सवय आहे."

विचार करायला बाबांना पौषापर्यंत वेळ लागला. यवतमाळचे चुलतकाका मुद्दाम येऊन बजावून गेले की घरात लग्नाची मुलगी आहे, तिकडे जेवलात तर आम्ही तुमच्याकडे जेवणार नाही. बाबांनी मला समोर बसवून विचारलं, "नलू, तुझ्या लग्नात अडचण येईल. तुझं काय म्हणणं?" मी म्हटलं, "मला आत्याकडे जायचंय." (अडचण आली. अमरावतीचं एक चांगलं स्थळ ठरता ठरता परत गेलं. ते लोक नंतर मला एका लग्नात भेटले. तासभर ते फक्त स्वतःच्या घराण्याबद्दल बोलत होते, आणि मी मनातल्या मनात कापसाच्या सगळ्या गाड्यांना नमस्कार केला.)

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आम्ही एस.टी.ने निघालो. आईने तिळाच्या वड्या आणि आत्यासाठी लुगडं घेतलं होतं. फाट्यावर मामा बैलगाडी घेऊन आले होते. तांडा टेकडीच्या उतारावर होता. आम्ही उतरलो तर आत्याची सासू वाट बघत उभी होती. उंच, वाळलेली म्हातारी, लाल घागरा, त्यावर आरशांची भरगच्च कशिदाकारी, केसांत चांदीचे झुबके. ती सरळ आईकडे आली, तिने आईला कवळलं, आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मोठ्याने सुरात रडायला लागली. रडणंही नाही आणि गाणंही नाही, दोन्हींच्या मधलं काहीतरी. आई घाबरली. आत्या म्हणाली, "वहिनी, भिऊ नका. नातलग खूप दिवसांनी भेटले की आमच्यात अशाच रडतात बायका."

"काय म्हणताहेत त्या?" बाबांनी विचारलं.

आत्या सांगू लागली, "म्हणते, माझ्या सुनेच्या माहेरची वाट तण उगवून बुजली होती. दर सणाला मी टेकडीवर जाऊन बघायची. ही कोणाची लेक, असं मले लोक विचारायचे. मी सांगायची, माझीच आहे."

हे ऐकल्यावर आई खरंच रडायला लागली. दोन्ही बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, आणि आमच्या आईचा सूरही हळूहळू त्या म्हातारीच्या सुरात मिसळला. बाबा जोडे हातात धरून अंगणात उभे होते. ते कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं. मामांच्या धाकट्या मुलीने ते त्यांच्या हातातून काढून घेतले.

जेवायला अंगणातच बसलो. ज्वारीच्या जाड भाकऱ्या, आंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा, आणि आमच्यासाठी म्हणून मुद्दाम केलेलं गुळाचं गोड. सासू स्वतः वाढत होती. बाबांनी जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घातल्या नाहीत. त्यांचा हात सवयीने पाण्याकडे गेला होता तो मी पाहिला, आणि मग तो भाकरीकडे वळला. पहिला घास घेऊन ते खूप वेळ चावत राहिले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, आणि तेही त्यांना कळत होतं. दुसरा घास घेतला. मग मान खाली घालून, ज्या वेगाने ते घरी कधी जेवले नाहीत त्या वेगाने, ती भाकरी त्यांनी संपवली.

म्हातारी कमरेवर हात ठेवून बघत होती. ती काहीतरी बोलली आणि अंगणातली सगळी माणसं हसली. मामासुद्धा तोंड फिरवून हसले.

"काय म्हणाल्या?" बाबांनी वर न बघता विचारलं.

आत्या त्यांच्यासमोर उकिडवी बसली होती. ती म्हणाली, "याडी म्हणते, मास्तर खातो तं चांगला. मग इतकी वर्षं उपाशी काहून राह्यला?"

बाबांनी डावा हात डोळ्यांवर धरला. त्यांचे खांदे हलत होते. ते हसताहेत की काय, ते आम्हाला कळेना. मग डोळ्यांवरचा हात न काढता त्यांनी उजव्या हाताने ताट पुढे केलं आणि म्हणाले, "सुमे, वाढ."